कानगोष्टी : ब्लूटूथ आहे म्हणे, पण कानात काहीच येत नाही

नव्या वाचकांसाठी माझी ओळख दोन ओळींत. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल हातानं जोडून देणारी, होते. डोक्यावर हेडसेट, समोर कॉर्ड बोर्ड आणि पाळी संपेपर्यंत ‘हॅलो मालेगाव, हॅलो’. निवृत्त झाल्यावर चारच वर्षांत कानांनी असहकार पुकारला. गेली अकरा वर्षं दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्टही (ऐकणं तपासून यंत्र बसवून देणारे तज्ज्ञ) नाही. यंत्रं वापरणारी आणि समोरच्याला खोदखोदून विचारणारी बाई आहे, एवढंच. या महिन्यात बिनतारी यंत्रांवरच इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आधी वाचकाचं पत्र, त्याखाली माझं उत्तर.

लासलगावला माझा कांद्याचा व्यापार आहे. वय ५८. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांची मशीनं घेतली. खोक्यावर ब्लूटूथ लिहिलंय, दुकानदारानंही तसंच सांगितलं. मोबाइलवर त्याचं अ‍ॅप चालतं, त्यावरून आवाज कमी-जास्त होतो. पण फोन आला की आवाज मोबाइलमधूनच येतो, मशीनमध्ये येत नाही. लिलावाच्या गलक्यात समोरचा काय भाव सांगतोय ते कळत नाही. मला फसवलं का?
— एक व्यापारी, लासलगाव

भाऊ, दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला.

आमच्या बोर्डावर कॉल आला की आधी दिवा लागायचा. दिवा म्हणजे नुसता इशारा. बोलणं सुरू व्हायचं ते आम्ही कॉर्ड जॅकमध्ये खोचल्यावर. तुमच्या यंत्रात ब्लूटूथचा दिवा लागतोय, कॉर्ड खोचलेली नाही. म्हणजे मोबाइलवरून यंत्राला हुकूम जातात (आवाज वाढव, प्रोग्राम बदल), पण फोनवरचं बोलणं यंत्रात उतरत नाही. बाजारात अशी यंत्रं असतात आणि त्यांच्याही खोक्यावर ‘ब्लूटूथ’ हाच शब्द छापलेला असतो.

दुसरी शक्यता अशी, की तुमच्या यंत्रात बोलणं उतरायची सोय आहे, पण तुमच्या मोबाइलशी तिचं जमत नाही. ब्लूटूथ हा शब्द एक असला तरी बोल्या अनेक आहेत. अ‍ॅपलनं आयफोनसाठी स्वतःची वेगळी पद्धत काढली, तिच्यावर चालणारी यंत्रं २०१४ पासून आली. अँड्रॉइडसाठी गूगलनं ‘आशा’ नावाची पद्धत आणली. नाव आपल्याकडचं वाटलं तरी ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ती काही फोनांत आली, सगळ्यांत नाही. काही यंत्रं साध्या, जुन्या ब्लूटूथवर चालतात, म्हणजे गाडीतला स्पीकर जोडतो तशी. ती स्वस्तातल्या फोनशीही बोलतात, पण सेल जास्त खातात. आणि २०२० मध्ये जाहीर झालेली ‘एलई ऑडिओ’ ही सगळ्यांत नवी पद्धत. तिला कमी वीज लागते. मात्र ती यंत्रातही हवी आणि फोनमध्येही हवी. पत्रिका दोघांची जुळावी लागते.

तुम्ही फोनचं मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून आधी हे करून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये जा, तिथे श्रवणयंत्रांसाठी वेगळी जागा आहे का ते पाहा. पुष्कळ लोक नेहमीच्या ब्लूटूथच्या यादीत जोडतात आणि तिथेच अडकतात. जोडण्याआधी यंत्र बंद करून परत चालू करायचं. बहुतेक यंत्रं त्यानंतर साधारण तीनच मिनिटं ओळख करून घ्यायला तयार असतात. तेवढ्यात फोनवर नाव दिसलं नाही तर पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझा भाचा दहा मिनिटं फोनशी झटत होता आणि यंत्र केव्हाच दार लावून बसलं होतं.

तरीही जमलं नाही तर फोन घेऊन दुकानात जा आणि गळ्यात अडकवायचा ‘स्ट्रीमर’ तुमच्या यंत्राला चालतो का विचारा. हा मधला दुभाष्या. फोनशी तो साध्या ब्लूटूथनं बोलतो आणि यंत्राशी यंत्राच्या भाषेत. आणखी एक वस्तू गळ्यात आणि आणखी एक चार्जिंग, पण तुमच्या कामाला तो उपयोगी पडेल.

लिलावाचं मात्र वेगळं सांगते. फोनचा आवाज थेट कानात आला तरी यंत्राचे माइक चालूच असतात, ते बाजार समितीतला गलकाही आत घेतात. कॉल चालू असताना हे माइक कमी करायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती शोधा. आणि तुमचं बोलणं कोण उचलतंय तेही बघून ठेवा. काही यंत्रांत यंत्राचाच माइक उचलतो, मग तुम्ही मोबाइल खिशात ठेवून बोलू शकता, पण पलीकडच्या पुणेवाल्याला तुमच्याबरोबर अख्खा लिलाव ऐकू जातो. काहींत मोबाइल तोंडाजवळच धरावा लागतो. लिलावात मी दुसरी पद्धत पसंत करीन.

आता जे अजून घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी. पैसे देण्याआधी स्वतःच्या फोनवर, दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून, घरच्या माणसाला फोन लावायचा आणि पाच मिनिटं बोलायचं. दुकानदाराच्या फोनवर सगळंच छान चालतं.

सासरे ७९ वर्षांचे आहेत. टीव्ही इतका मोठा लावतात की खालच्या मजल्यावरचे वर येऊन गेले. मुलीची दहावी आहे. ते मशीन लावतात तरी म्हणतात की संवाद कळत नाहीत, नुसतं ढॅणढॅण ऐकू येतं. हेडफोन घ्यावा का?
— एक सून, इंदिरानगर

हेडफोन नको. यंत्राच्या वर तो बसवला की शिट्टी वाजते, आणि यंत्र काढून नुसता हेडफोन लावला तर त्यांच्या कानाच्या मापानं बसवलेला आवाज गेला.

टीव्हीला जोडायची एक डबी मिळते, ‘टीव्ही स्ट्रीमर’. ती टीव्हीतला आवाज सरळ यंत्रात पाठवते. मध्ये खोलीतला पंखा नाही, कुकरची शिट्टी नाही. टीव्हीचा आवाज तुम्ही तुमच्या सोयीनं ठेवा, अगदी बंद ठेवा, त्यांना त्यांच्या कानात हवा तेवढा मिळेल. डबी साधारणपणे यंत्राच्याच कंपनीची लागते, म्हणून नातेवाइकांकडची पडून असलेली उचलून आणू नका. घेताना टीव्हीच्या मागचा फोटो काढून न्या. ‘ऑप्टिकल’ नावाचं चौकोनी भोक असेल तर उत्तम. हेडफोनच्या भोकात जोडली तर पुष्कळ टीव्हींचा स्पीकर बंद होतो आणि मग घरात फक्त सासरे मालिका ऐकतात. साधा ब्लूटूथ टीव्हीवरून थेट यंत्राला जोडला तर आवाज ओठांच्या मागून येतो, नायिका रडून झाल्यावर हुंदका ऐकू येतो. या डब्यांत तो उशीर फार कमी असतो.

एक धोक्याची सूचना, माझ्या घरातली. टीव्ही कानात सुरू झाला की यंत्राचे बाहेरचे माइक मंद होतात. आमच्याकडे मला तीन हाका मारून चहा गार झाला आणि ‘आता हिला मुद्दामच ऐकू येत नाही’ असा निकाल लागला. बाहेरचा आवाज किती मिसळायचा हे ऑडिओलॉजिस्ट बसवून देतात. पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर टीव्हीचं भांडण मिटून हाकांचं सुरू होईल.

माझा मुलगा चौथीत आहे, दोन्ही कानांना यंत्रं आहेत. घरी सगळं ऐकतो, उत्तरं देतो. शाळेतून मात्र तक्रार येते की लक्ष नसतं, मागे बघत बसतो. वर्गात ६० मुलं आहेत. यंत्राचा आवाज वाढवून घेऊ का?
— एक आई, नाशिकरोड

वाढवू नका. मुलाचं लक्ष ठीक आहे, अडचण अंतराची आहे.

घरी तुम्ही त्याच्याशी हातभरावरून बोलता. वर्गात बाई फळ्यापाशी असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. बाईंच्या तोंडापासून १५ सेंटीमीटरवर जो आवाज आहे, तो ३० वर उतरला, ६० वर आणखी उतरला, मग १२०, २४०, ४८० सेंटीमीटर. पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३० डेसिबल गेले. आणि ४८० सेंटीमीटर म्हणजे जेमतेम सोळा फूट, चौथा-पाचवा बाक. वर्गात भिंती असल्यामुळे हिशेब इतका नेमका राहत नाही, भिंतींवरून आवाज परत येतो. पण तो परतलेला आवाज मदत करत नाही, आधीच्या शब्दावर पुढचा शब्द चढवतो. यंत्राचा आवाज वाढवलात तर बाईही वाढतील आणि शेजारच्या बाकावरची कंपासपेटीही वाढेल. कंपासपेटी जवळ आहे, तीच जिंकणार.

म्हणून माइक बाईंच्या तोंडाजवळ न्यायचा. याला पूर्वी एफएम सिस्टीम म्हणत, आता डिजिटल ‘रिमोट माइक’ मिळतात. बाईंच्या गळ्यात, हनुवटीखाली वीतभर अंतरावर, एक छोटा माइक. त्याचा आवाज बिनतारी तुमच्या मुलाच्या यंत्रात. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असल्या तरी त्याच्यासाठी त्या वीतभरावरच असतात. जुन्या एफएममध्ये शेजारच्या वर्गात त्याच फ्रिक्वेन्सीचा दुसरा संच असला तर इतिहासाच्या तासाला भूगोल ऐकू यायचा. डिजिटलमध्ये ती भानगड नाही.

आम्ही ऑपरेटर मुली छातीवर माइक आणि कानावर हेडसेट घालून बसायचो. शेजारी दहा जणी बोलत असायच्या, तरी मुंबईच्या गिऱ्हाइकाला माझाच आवाज जायचा, कारण माइक माझ्या तोंडापाशी होता. तंत्र बदललं, पण ही गोष्ट तेव्हा होती तीच आज आहे.

हे घेण्याआधी यंत्रं बसवणाऱ्यांना विचारा, की मुलाच्या यंत्रात रिसीव्हर आतच आहे की वेगळा ‘बूट’ (यंत्राच्या टोकाला बसणारा जोडभाग) लावावा लागेल. वस्तू महाग आहे, म्हणून चार दिवस शाळेत लावून बघायला मागा. लाजू नका. सरकारी मदत हवी असेल तर मुलाचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढा. यंत्रांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना आहे, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. शाळेकडेही समग्र शिक्षा योजनेतून काय मिळतं ते लेखी विचारा. तोंडी विचारलेल्याला तोंडीच उत्तर मिळतं.

बाईंना दोन गोष्टी समजावून सांगा. एक, माइक मंगळसूत्रावर आपटू देऊ नका, तो खडखडाट मुलाच्या मेंदूत जातो. दोन, वर्गाबाहेर जाताना माइक बंद करा. एका ओळखीच्या मुलीनं घरी येऊन स्टाफरूममधली सगळी बातमी सांगितली होती, कोणाची बदली, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं. आईनं ते शाळेला कळवल्यावर बाई माइक बंद करायला कधी विसरल्या नाहीत.

आणि मुलगा मागे का बघतो? मागून कोणी बोललं ते कळलं नाही, म्हणून तोंड बघून शब्द पकडतोय. बाईंनी मुलांचं उत्तर एकदा स्वतः माइकवर परत म्हटलं तर त्याचं मागे बघणं निम्म्यावर येईल.

माझ्या जुन्या यंत्रावर एम आणि टी असं बटण आहे. टी वर केलं की काहीच ऐकू येत नाही, नुसती गुणगुण येते. बिघडलंय का?
— एक निवृत्त शिक्षक, सिडको

गुरुजी, बिघडलेलं नाही. तुमच्या प्रश्नानं मला माहेरी गेल्यासारखं वाटलं.

एम म्हणजे माइक आणि टी म्हणजे टेलिकॉइल, यंत्रातलं तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधून चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडायचं, ते हे वेटोळं पकडतं आणि त्याचा आवाज करतं. माइक बंद, म्हणून खोलीतला गोंगाट बंद, फक्त फोन. ब्लूटूथचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासूनचा हा बिनतारी उपाय. गुणगुण येते ती घरातल्या विजेची. चोकवाली ट्यूब, इन्व्हर्टर, फ्रीज यांच्याजवळ गेलात की वाढते. जागा बदलून बघा.

याच तत्त्वावर सभागृहात ‘लूप’ घालतात. जमिनीलगत भोवती तार फिरवायची, तिला माइकचा अँप्लिफायर जोडायचा. १९३७ साली ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी याचं पेटंट घेतलं. कोणत्याही कंपनीचं यंत्र चालतं, पेअरिंग नाही, अ‍ॅप नाही, बटण टी वर केलं की व्याख्याता थेट कानात. एवढी साधी गोष्ट, पण आपल्याकडे मागणाराच नाही. मी एका नाट्यगृहाच्या खिडकीवर ‘लूप आहे का हो?’ असं विचारलं, तर आतला म्हणाला, ‘लूज काही नाही मावशी, सगळं पॅक आहे.’ गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला मी अजूनही पहिल्या रांगेत जाऊन बसते, तेही स्पीकरपासून दूर आणि वक्त्याचे ओठ दिसतील असं.

लूपचा नवा भाऊ आला आहे, ‘ऑराकास्ट’. नाव २०२२ मध्ये जाहीर झालं. एका ठिकाणाहून प्रक्षेपण आणि कितीही यंत्रांत तोच आवाज, आपली जुनी आकाशवाणीच म्हणा. नवीन यंत्र घ्याल तेव्हा त्याची सोय आहे का विचारा, पण म्हणून टेलिकॉइल सोडू नका. छोट्या यंत्रांत जागेसाठी ती गाळतात आणि सांगत नाहीत.

मला पेसमेकर आहे. ही बिनतारी यंत्रं चालतील का? आणि रात्रंदिवस कानाशी लहरी असल्यानं मेंदूला काही होत नाही ना?
— एक आजोबा, पंचवटी

पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांना यंत्राचं माहितीपत्रक दाखवा, हे पहिलं. सर्वसाधारण सूचना अशी, की मोबाइल, गळ्यातला स्ट्रीमर आणि चुंबक असलेली चार्जिंगची डबी पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर तरी लांब ठेवायची. म्हणजे गळ्यात लोंबणारी वस्तू तुमच्यासाठी नकोच. मोबाइलही सदऱ्याच्या वरच्या खिशात नको.

लहरींचं म्हणाल तर अशा छोट्या उपकरणांतल्या ब्लूटूथची ताकद साधारण २.५ मिलीवॉटच्या आतच असते. टॉवरला गाठायला तुमचा मोबाइल याच्या कित्येक पट जोर लावतो, आणि तो तुम्ही कानालाच लावून बोलता. यंत्रात फोन घेतलात तर मोबाइल खिशात राहील. रात्री तसंही यंत्र काढूनच झोपायचं असतं.

सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फिरताना गाणी ऐकते. डाव्या कानात आवाज सतत तुटतो, उजव्यात छान. घरात असं होत नाही.
— एक वाचक, कॉलेज रोड

मोबाइल उजव्या खिशात असतो ना? या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, त्यांना पाणी गिळतं, आणि आपण म्हणजे पाण्याची पिशवीच. घरात भिंतींवरून परतून त्या डाव्या कानापर्यंत पोचतात, मैदानावर परतायला भिंत नाही. मोबाइल हातात धरा किंवा दंडाला बांधा. घरातही मायक्रोवेव्ह चालू असताना स्वयंपाकघरात असं तुटेल, तो त्याच पट्ट्यात काम करतो.

सेल पूर्वी दहा दिवस जायचा, आता पाच. कंपनी बदलून पाहिली. पावसाळ्यात तर फारच.
— एक वाचक, सातपूर

नातवानं यूट्यूब यंत्रात लावून दिलंय का? कानात आवाज वाहत राहिला की सेल भराभर संपतो. फोन आणि बातम्या पुरेत. हे सेल झिंक-एअर, हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग घाला. आणि सेल वाचवण्यासाठी स्टिकर परत चिकटवत असाल तर उपयोग नाही, एकदा हवा लागली की तो संपायला लागतोच. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेल काढून, दार उघडं ठेवून.

काळारामाच्या आरतीत अचानक कानात फोन वाजतो आणि मी दचकते. बाकी कोणाला काहीच ऐकू येत नाही, सगळे माझ्याकडे बघतात. उपाय?
— एक आजी, पंचवटी

देवळात शिरताना मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, यंत्र बंद करू नका, नाहीतर आरतीही जाईल. बाहेर आल्यावर परत चालू करायची आठवण मात्र ठेवा. मी परवा विसरले आणि लेकीचे सहा फोन खिशातच वाजून गेले.

लोकांच्या बघण्यावर उपाय नाही. अशोक स्तंभावर रिक्षाची वाट बघत मी बहिणीशी बोलत होते. मोबाइल पिशवीत, हात मोकळे, भाजीचे भाव सांगणं चाललेलं. एक कॉलेजची पोरगी जवळ आली, माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, ‘आजी, घरी कोणाला फोन करू का?’